पोटकलम ग

माझ्या दुकानात दोन झेरॉक्स मशिनी, एक स्कॅनर,
आणि अधिवेशन सुरू झालं की
परवान्याच्या बंदुकीवाले सहा जण.
सातबाऱ्याच्या रांगेत ते उभे राहत नाहीत,
दाराशी चपला काढतात,
पोराचा निकाल लागणार असल्यासारखे.
"आला का गा?"
"नाही आला."
"पाय ना अजून एकदा."
मी पाहतो. स्क्रीनवर चाक फिरत राहतं.
रेंज बोडीच्या पाळीपर्यंत येते,
पुढं यायला लाजते.

मसुद्यात म्हणे असं आहे
की शेतराखणीच्या बंदुकीला
नळीच्या तोंडाशी डबी बसवता येईल,
आवाज गिळणारी.
डुक्कर पडेल आणि जंगल दचकणार नाही.
अजिज मास्तरांना हे तोंडी नको, छापील हवं.
रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, लाल पेन अजून खिशात.
"'शक्यतो' हा शब्द कायद्यात कसा काय?"
विचारतात, आणि माझ्याकडं बघतात,
जणू मीच लिहिला.

झिबल गेडामाची बंदूक ठासणीची.
आज्याची बापाला, बापाची त्याला.
"आवाजच काढून घेतला
तं राहिलं काय तिच्यात?
एकवीस साल झाले, एक डुक्कर नाही पडलं माह्या हातून.
मी वरतं झाडतो.
मंग नाल्यापल्याडून पुंडलिक झाडते.
समजते मले, कोण जागा हाय."

वनिता चौखे कोपऱ्यात, बाटलीतलं पाणी पीत.
नवऱ्यामागं परवाना नावावर यायला चार वर्षं गेली,
अर्जावरचा फोटो मीच काढला होता,
निळ्या चादरीपुढं.
ती म्हणाली, "तुमी झाडता, डुकरं माह्या बांधीत येतेत.
मी झाडतो, तुमच्या बांधीत जातेत.
रातभर आपण डुकरंच पोचवून देतो, काका,
एकमेकाच्या घरी."
सगळे हसले.
झिबल हसला नाही.

मसुदा आला ऑक्टोबरात,
तेव्हा बंदुका ठाण्यात होत्या.
आचारसंहिता.
भिंतीला टेकवून ओळीनं, प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी,
दवाखान्यातल्या बाळांसारखी.
सतरा रात्री शिवार गप्प.
मी गच्चीवर झोपायचो. झोप यायची नाही.
लोंब्यांत दूध भरलं होतं,
आणि सकाळी बांध्या अशा दिसायच्या
की रात्री कुणी चटई टाकून लोळून गेलं.
कायदा व्हायच्या आधीच
आवाज गेला होता.

अकरा पानं, पानाला दोन रुपये.
हरकती व सूचना तीस दिवसांत.
मास्तरांनी सगळी घेतली, वर पिन मारून मागितली.
झिबलनं विचारलं, "माह्या बंदुकीचं कोणत्या पानावर हाय?"
पान नऊ. एवढंच घेतलं.
वाचता येत नाही त्याला. चार घड्या केल्या,
बंडीच्या खिशात ठेवलं,
दोनाचं नाणं मशिनीवर ठेवून गेला.

बंदुका परत आल्या त्या रात्री
गेडामाच्या बाजूनं बार झाला.
जाड, ओलसर, ओळखीचा.
पुंडलिकचा उलटून आला.
वनिताच्या बाजूनं काही नाही.
मी थांबलो.
कुत्री थांबली.
काही नाही.

सकाळी ती दुकानात आली,
पदराच्या गाठीतून कागद काढला,
कडा जळालेल्या, दारूचा वास.
बांधीत सापडला म्हणाली,
"तुह्या मशिनीचाच दिसते."
ठासताना बोळा लागतोच,
काथ्या नसला की कागद.
मधोमध तेवढं शाबूत होतं:
ग) ठासणीच्या बंदुकांबाबत
आणि त्यापुढं भोक.

"का लिवलं हाय?"
"पुढचं जळालं."
तिनं कागद काचेवर ठेवला, तळहातानं सपाट केला.
"पाठवून दे मंग.
तीस दिवस झाले नाही अजून."

कुणाच्या नावानं, ते मी विचारलं नाही.
झाकण लावलं.
स्कॅनरनं विचारलं:
रंगीत, की काळं-पांढरं?